कारवानी कुत्रा : माळावरून माजघरात

'माणसाळणे' हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बैलाला, मांजराला, पोपटालाही आपण तो लावतो. पण तो खऱ्या अर्थाने कोणाला शोभत असेल तर कुत्र्याला. गाय, शेळी, मेंढी माणसाच्या दाव्याला येण्याच्या कितीतरी आधी कुत्रा त्याच्या शेकोटीशेजारी येऊन बसला होता. ऋग्वेदातील सरमा पळवलेल्या गाईंचा माग काढते. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारतो. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. आणि तरीही 'कुत्र्याचे जिणे' ही उपमा आपल्याच भाषेत आहे! आदर आणि अवहेलना यांचे असे मिश्रण दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या वाट्याला आले नसेल.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र एका विशिष्ट कुत्र्यापुरता मर्यादित आहे. सोलापूर, लातूर, जत, विजापूर या टापूत माळरानावर, धनगराच्या मेंढरांमागे किंवा एखाद्या वस्तीवर लांबोडक्या तोंडाचा, खोल छातीचा, पोट पाठीला टेकलेला, उंच आणि सडपातळ कुत्रा आपण पाहिला असेल. तोच कारवानी कुत्रा. त्याला घरात आणावे काय, आणि आणायचे तर काय जाणून घेऊन आणावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

नजरेचे शिकारी

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वासावर माग काढणाऱ्यांचा, दुसरा नजरेने हेरून वेगाच्या बळावर सावज गाठणाऱ्यांचा. इंग्लंडचा ग्रेहाउंड, अरबांचा सालुकी आणि आपला कारवानी ही दुसऱ्या वर्गातील भावंडे होत. दाट जंगलात यांचा उपयोग नाही; यांना उघडा माळ लागतो. म्हणूनच ते वाळवंटात, गवताळ प्रदेशात आणि दख्खनच्या पठारावर रुजले.

यांच्या धावण्याची रीत पाहण्यासारखी असते. भरधाव पळताना प्रत्येक झेपेत यांचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात. एकदा अंग आकसलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. चांगला ग्रेहाउंड तासाला साठ किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. म्हणजे शंभर मीटरचे अंतर सहा सेकंदांत! या वेगासाठी निसर्गाने आणि माणसाने मिळून त्याचे शरीर घडवले आहे: मोठे हृदय, रुंद फुप्फुसे, तांबड्या पेशींनी समृद्ध रक्त, आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. पण ज्या गुणांसाठी माणसाने त्याला वाढवले, ते गुण नकोसे झाले की त्या प्राण्याचे काय होते? हा प्रश्न प्रथम ग्रेहाउंडच्या बाबतीत उभा राहिला.

ग्रेहाउंडची निवृत्ती

१९१९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यंत्रावर पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्री धावू लागली. १९२६ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर हा खेळ आला आणि थोड्याच काळात त्याचा पैजेचा मोठा धंदा झाला. ग्रेहाउंड दीड-दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुधा चार-पाच वर्षांच्या आत निवृत्त होतो. त्याचे आयुष्य मात्र दहा ते तेरा वर्षांचे. म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य शिल्लक असताना मालकाच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरतो. अशी असंख्य कुत्री पूर्वी सरळ मारून टाकली जात. या गोष्टीचा बोभाटा झाला तेव्हा पाश्चात्त्य देशांत निवृत्त ग्रेहाउंड दत्तक घेण्याची चळवळ उभी राहिली. २०१८ साली मकाव येथील कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान बंद झाले, तेव्हा मागे राहिलेल्या पाचशेहून अधिक ग्रेहाउंडांना देशोदेशी घरे शोधून देण्यात आली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तेथील शर्यती थांबल्या.

या दत्तक घेणाऱ्यांना एक आश्चर्य वाटले. वाऱ्याशी स्पर्धा करणारा हा प्राणी घरात येताच अत्यंत शांत, किंबहुना आळशी निघाला. दिवसातून एकदोनदा मोकळे धावणे मिळाले की उरलेला वेळ तो झोपून काढतो. मात्र आयुष्य पिंजऱ्यात गेल्यामुळे जिना कसा चढावा, काचेचे दार म्हणजे काय, हे त्याला पहिल्यापासून शिकवावे लागते.

आपल्या घरचा ग्रेहाउंड

आता आपल्याकडे वळू. 'कारवानी' या नावातच त्याचा इतिहास सांगितला जातो. मध्य आशिया, इराण, अरबस्तान येथून व्यापाऱ्यांचे आणि सैन्याचे जे तांडे दख्खनेत आले, त्यांच्याबरोबर हे कुत्रे आले, अशी परंपरा आहे. त्याच्या अंगलटीतील सालुकीचे साम्य पाहता ती पटण्यासारखी आहे. कान, पाय आणि शेपटी यांवर रेशमासारखे लांब केस असणाऱ्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. आपल्याकडून विजापूर ओलांडून पुढे गेले की मुधोळ लागते. आद्य कन्नड महाकवींपैकी रन्नाचे हे गाव. तेथील संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. आजही कारवानी आणि मुधोळ ही दोन्ही नावे या एकाच कुळासाठी वापरली जातात.

सरकारदरबारीही त्याची कदर झाली आहे. ९ जानेवारी २००५ रोजी डाक खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ साली मुधोळची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्यांचा उल्लेख केल्यावर शहरी लोकांचेही तिकडे लक्ष वेधले गेले.

परंतु तिकिटावर चित्र येणे वेगळे आणि पोटाला भाकरी मिळणे वेगळे. कारवानीचे मूळ काम ससा आणि हरीण धरण्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर जवळजवळ पूर्ण बंदी आली, आणि ती रास्तच आहे. आपल्याच जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली स्थापन झाले. तेथील माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत. त्या माळावर शिकारी कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या दृष्टीने कुत्र्यांकरवी वन्य प्राण्याचा पाठलाग करणे हीसुद्धा शिकारच होय. म्हणजे कारवानीचा पिढीजात धंदा बुडाला. त्याच्यापुढे राखणदारी, जत्रेतील शर्यती, किंवा माणसाचे घर एवढेच मार्ग उरले. आणि शर्यतीतला कुत्रा म्हातारा झाला की ग्रेहाउंडचाच प्रश्न आपल्या दारात येतो. म्हणून घर हाच त्याचा खरा आसरा.

घरात आणण्यापूर्वी

सर्वप्रथम त्याच्या स्वभावाविषयी. कारवानी हा मानी कुत्रा आहे. तो आल्यागेल्याच्या अंगावर शेपटी हलवत उड्या मारत नाही. परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. घरच्यांवर मात्र जीव टाकतो. त्याला आरडाओरडा आणि मारझोड करून शिकवता येत नाही. तो भित्रा होतो किंवा चवताळतो. थोडा धीर आणि एकच शब्द पुनःपुन्हा, एवढ्यावर तो शिकतो. घरात लहान मुले असतील तर झोपलेल्या कुत्र्याला अचानक हात लावू नये, हे कुत्र्याआधी मुलांना शिकवावे.

दुसरी गोष्ट पळण्याची. रस्त्यात मांजर, कोंबडी, शेळीचे करडू, काहीही पळताना दिसले की त्याची नजर तेथे खिळते आणि मग मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. विजापूर रस्ता किंवा होटगी रस्ता यांवरच्या वाहतुकीत त्याला मोकळे सोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. शिवाय त्याचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसल्याने साधा पट्टा सहज निसटतो. यासाठी रुंद पट्टा किंवा छातीभोवतीचा पट्टा वापरावा. भिंतीने वेढलेले मैदान किंवा शेत मिळेल तर तेथेच त्याला रोज पळू द्यावे. पोटभर जेवण झाल्याबरोबर मात्र पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. तोकड्या केसांमुळे तो ऊन बरे सोसतो, पण सोलापूरचा मे महिना कोणाची गय करत नाही. पारा बेचाळीसवर गेला की फिरणे पहाटे किंवा दिवे लागल्यावर. डांबरावर आपला तळहात काही सेकंद ठेवून पाहावा; जे आपल्याला सोसत नाही ते त्याच्या पावलांनाही सोसत नाही. उलट थंडीत तो लवकर कुडकुडतो, कारण अंगावर चरबी नाही. शहाबादी फरशीवर सतत निजल्याने त्याच्या कोपरांना घट्टे पडतात. त्याला मऊ अंथरूण हवे, आणि जुन्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी यासाठी उत्तम! सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील शोभेचे दारूकाम आणि दिवाळीतले फटाके या वेळी त्याला आतल्या खोलीत, माणसांच्या सोबतीत ठेवावे. भेदरलेला कारवानी कुंपणावरून उडी मारून क्षणात दिसेनासा होतो.

चौथी गोष्ट आहाराची. वस्तीवरचा कारवानी ज्वारीची भाकरी आणि ताक-दुधावर वाढतो हे खरे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव सर्वत्र आहेच. पण धावणाऱ्या स्नायूंना प्रथिनेही लागतात. अंडी, मांस, आणि ज्या घरी हे चालत नाही तेथे दही, पनीर, शिजवलेली डाळ यांची जोड पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावी. कांदा, द्राक्षे, चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत; आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हे आरोग्याचे लक्षण आहे. 'अहो, याला खायला घालत नाही का?' असे शेजारच्या काकूंनी विचारले तर हसून सोडून द्यावे, पण भिडेखातर त्याला लठ्ठ करू नये.

पाचवी गोष्ट वैद्यकीय. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी सुरू कराव्यात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. गोचिडांमुळे होणारे ताप आपल्याकडे नेहमीचेच, तेव्हा अंग रोज तपासावे. आणखी एक महत्त्वाची बाब. ग्रेहाउंडच्या कुळातील कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधे जड जातात. यकृताकडून त्यांचा निचरा सावकाश होत असल्याने कुत्रा फार उशिरा शुद्धीवर येतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रा कोणत्या जातीचा आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

कोठून आणावा?

२०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू भित्रे आणि रोगट निघते, हे त्यामागील कारण. रंगावर आणि ऐटीवर भाळून पिल्लू घेण्याऐवजी त्याचे आईबाप पाहावेत. त्याहूनही चांगले म्हणजे एखादा मोठा, कामातून सुटलेला कारवानी मिळाला तर तो घ्यावा. त्याला रुळायला दोन-तीन महिने लागतील, पण त्याचा स्वभाव आधीच समजतो. आणि खरे सांगायचे तर ज्याला केवळ कुत्रा हवा आहे, विशिष्ट जातीचा नव्हे, त्याने आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू उचलावे. ते आपल्या हवेला सरावलेले, काटक आणि तितकेच प्रेमळ असते. ज्यांच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ वेळ नाही, किंवा ज्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर असून जवळपास मोकळी जागा नाही, त्यांनी कारवानी आणूच नये.

कारण कुत्रा परत करण्याची वस्तू नाही. पाळीव जनावर उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक ही येथे शेवटची गोष्ट असावी. ज्या जनावराला आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे आपल्या गरजेसाठी पळवले, त्याला आता आपली गरज आहे. मकावच्या पाचशे कुत्र्यांना परक्या माणसांनी घरे दिली. आपल्या माळावरच्या कुत्र्याला तेवढे दूर जावे लागू नये. मात्र आपण घराचे दार उघडू ते बारा-तेरा वर्षांसाठी, हे मनाशी पक्के करूनच उघडावे. तेवढी तयारी असेल तर हा मुका, मानी सोबती त्याचे मोल आयुष्यभर फेडत राहील.