विश्लेषण : ११ हजार व्होल्टचे २३० व्होल्ट कसे होतात? वेढ्यांचे गणित काय सांगते?

पावसाळ्यात वीज गेली की गावात पहिला प्रश्न असतो, ‘डीपी उडाली का?’ शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर बसवलेली लोखंडी टाकी म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. वीजदाब कमी करण्यासाठी त्यात कोणताही भाग फिरत नाही. तरीही ११ हजार व्होल्टची वीज घरात वापरण्याजोगी होते, ती केवळ तारेच्या वेढ्यांच्या संख्येमुळे. हेच गणित उलटे फिरले, तर मात्र खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते.

रोहित्र काम कसे करते?

पोलादी पत्र्यांच्या एकाच गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, वाहू लागला की गाभ्यात सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीजदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये हे तत्त्व प्रयोगाने दाखवले. क्षेत्र बदलत नसेल तर दाब निर्माण होत नाही, म्हणून बॅटरीच्या स्थिर डीसी प्रवाहावर रोहित्र चालत नाही.

४४ ला १ हे प्रमाण कुठून आले?

गाभा एकच असल्याने दोन्ही बाजूंच्या प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला जवळपास सारखाच दाब येतो. म्हणून वेढ्यांचे जे प्रमाण, तेच दाबाचे प्रमाण. आपल्याकडील वितरण रोहित्रावर सहसा ‘११०००/४३३ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. ४३३ हा दोन फेजमधला दाब. फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो २५० व्होल्ट भरतो. उच्चदाब बाजूचे प्रत्येक वेटोळे दोन फेजमध्ये जोडलेले असल्याने त्याला पूर्ण ११ हजार व्होल्ट मिळतात. लघुदाब बाजूचे वेटोळे फेज आणि न्यूट्रलमध्ये असते. ११,००० भागिले २५० म्हणजे ४४. समजा, प्रत्येक वेढ्याला ५ व्होल्ट येत असतील, तर एका बाजूला २,२०० आणि दुसऱ्या बाजूला ५० वेढे लागतील. घरी अपेक्षित २३० व्होल्टपेक्षा २० व्होल्ट जास्त ठेवलेले असतात, कारण भार वाढल्यावर रोहित्रात आणि पुढे तारांमध्ये काही दाब खर्ची पडतो.

दाब घटतो, मग प्रवाहाचे काय?

रोहित्र वीज तयार करत नाही. दाब जितक्या पटीने घटतो, साधारण तितक्याच पटीने प्रवाह वाढतो. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रात पूर्ण भाराला ११ हजार व्होल्टच्या बाजूने सुमारे सव्वापाच अँपिअर आत येतात, तर ४३३ व्होल्टच्या बाजूने सुमारे १३३ अँपिअर बाहेर पडतात. म्हणूनच उच्चदाबाची तार बारीक आणि लघुदाबाची जाड असते. लांबच्या वहनासाठी वीज ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टवर नेली जाते, त्यामागेही हेच कारण. दाब दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील उष्णतेचा अपव्यय चौथा हिस्सा उरतो.

शेवटच्या पंपाला दाब कमी का मिळतो?

वेढ्यांचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे रोहित्र आत येणारी घट भरून काढत नाही, ती जशीच्या तशी पुढे देते. ११ हजारांऐवजी १० हजार व्होल्ट आले, तर २५० चे २२७ होतात. त्यात लांबच लांब लघुदाब वाहिनी आणि एकाच वेळी सुरू झालेले पंप यांची भर पडते. कमी दाबावर तेवढेच पाणी उपसताना मोटार जास्त प्रवाह खेचते, तापते आणि जळते. मंजूर क्षमतेपेक्षा जास्त भार पडला, तर रोहित्राचेही तेच होते.

वेढे बदलता येतात का?

काही रोहित्रांत ‘टॅप’ची सोय असते. उच्चदाब बाजूचे थोडे वेढे कमी केले की लघुदाब बाजूचा दाब वाढतो. टॅप उच्चदाब बाजूलाच का? तिथे प्रवाह कमी असतो आणि वेढे भरपूर. ५० वेढ्यांतला एक वेढा कमी-जास्त झाला तर दाबात २ टक्के फरक पडतो, २,२०० मधल्या एकाने मात्र नगण्य. जळालेले रोहित्र पुन्हा गुंडाळल्यावर प्रमाणाची चाचणी घेतात, तीही यासाठीच.

गणित उलटे चालले तर?

रोहित्राला दिशा कळत नाही. वीज गेल्यावर कुणी चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडला, तर २३० व्होल्ट उलटे रोहित्रात शिरतात. २३० गुणिले ४४ म्हणजे १० हजार व्होल्टहून अधिक! बंद समजून दुरुस्तीला घेतलेली वाहिनी अशा वेळी क्षणात जिवंत होऊ शकते. त्यासाठीच काम सुरू करण्यापूर्वी वाहिनी तपासून दोन्ही बाजूंनी अर्थिंग करणे बंधनकारक असते. छतावरील सौर यंत्रणेचा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही वीज जाताच आपोआप बंद व्हावा लागतो, तो याच कारणाने. जनरेटर वापरणाऱ्याने चेंजओव्हर स्विच बसवला, तर खांबावरच्या माणसाचा धोका टळतो.