वृद्धांतील स्नायुकोशिका व व्यायाम

हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूची कोशिका लांबट, तंतूसारखी व अनेक केंद्रके असलेली असते. प्रौढपणी तिचे विभाजन होत नाही. तीच आयुष्यभर दुरुस्त होत राहते. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी सु. १ टक्क्याने घटते व ताकद त्याहूनही जलद कमी होते. मंद तंतूंपेक्षा शीघ्र तंतू अधिक बारीक होतात आणि काही तंतू त्यांच्या प्रेरक तंत्रिका नष्ट झाल्याने नाहीसे होतात. कोशिकेस ऊर्जा पुरविणाऱ्या कलकणूंची कार्यक्षमताही मंदावते. तोल गेल्यावर क्षणार्धात सावरण्यास शीघ्र तंतूच लागतात. त्यामुळे ते दुबळे झाले की पडण्याचा व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो [⟶ स्नायू].

ही कोशिका म्हातारपणीही व्यायामास प्रतिसाद देते. मात्र व्यायाम जसा, तसा प्रतिसाद. वजन उचलणे, बैठका काढणे यांसारख्या भारयुक्त व्यायामाने आकुंचक प्रथिनांची निर्मिती वाढते व तंतू जाड होतात. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांनी आठ आठवडे असा व्यायाम केला असता त्यांच्या मांड्यांची ताकद अडीचपटींहून अधिक झाली. चालणे, सायकल चालविणे इ. दीर्घकाळ चालणाऱ्या व्यायामांनी केशवाहिन्या व कलकणू वाढतात, दम टिकतो. ताकदीत मात्र फारशी भर पडत नाही. २०१७ मध्ये मेयो क्लिनिकमधील श्रीकुमारन नायर व त्यांचे सहकारी यांनी १८–३० व ६५–८० या वयोगटांची तुलना प्रसिद्ध केली. चार मिनिटे जोराने व तीन मिनिटे सावकाश, अशी आलटून पालटून सायकल चालविण्याच्या व्यायामाने १२ आठवड्यांत कलकणूंची श्वसनक्षमता तरुणांत ४९, तर वृद्धांत ६९ टक्क्यांनी वाढली. नुसत्या भारयुक्त व्यायामाने ती वाढली नाही. पण ताकदीसाठी तोच सरस ठरला. दोन्हींची सांगड म्हणूनच इष्ट होय.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात राबणाऱ्यास निराळा व्यायाम कशाला, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. कोजागरी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापूरपर्यंतचे सु. ४५ किमी. अंतर भाविक पायी तोडतात. त्यात कस लागतो तो मुख्यतः मंद तंतूंचा, आणि तोही वर्षातून एकदा. खुरपणीचे कामही दीर्घ, पण हलक्या भाराचे असते. येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर थांबत थांबत चढणे हे तत्त्वतः वरील आलटून पालटून करावयाच्या व्यायामाच्या जवळचे आहे. तशी चढण आठवड्यातून दोनतीनदा चढल्यास उपयोग होईल. भारासाठी तालमीची गरज नाही. बाजेवरून वा खुर्चीवरून हात न टेकता दहादहा वेळा उठणे व पुढे हातात पाण्याची कळशी घेऊन तेच करणे, हीही बैठकच होय. भार हळूहळू वाढविला पाहिजे. तो कायम एकच राहिल्यास कोशिका त्यास सरावते व वाढ थांबते.

कामे मुलांकडे सोपवून ओट्यावर बसून राहणे हे विश्रांतीचे लक्षण मानले जाते. स्नायूंना ते सर्वांत घातक असते. २००७ मधील एका अभ्यासात निरोगी वृद्ध १० दिवस अंथरुणावर राहिले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांस सु. १ किग्रॅ. घटले. ताप किंवा शस्त्रक्रिया यांनंतर वैद्याच्या अनुमतीने लवकर हालचाल सुरू करणे म्हणूनच आवश्यक असते. व्यायामास प्रथिनयुक्त आहाराची जोड लागते. ज्वारीत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. तूर, हरभरा यांची डाळ वा दूध भाकरीबरोबर घेतल्याने ती उणीव भरून निघते. हृद्रोग किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी जोराचा व्यायाम वैद्यकीय तपासणीविना सुरू करू नये, तसेच भार उचलताना श्वास रोखून धरू नये.