वामकुक्षी डाव्याच कुशीवर का?

मराठी माणसाच्या दुपारच्या झोपेची थट्टा पुष्कळ झाली आहे. पुण्यातल्या ‘एक ते चार बंद’ या पाट्यांवर किती विनोद झाले, त्याला गणती नाही. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तर त्याची बातमी झाली! या थट्टेत एका शब्दाकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. तो शब्द वामकुक्षी. वाम म्हणजे डावा आणि कुक्षी म्हणजे कूस. या शब्दात झोप कुठेच नाही. जेवणानंतर शतपावली करावी आणि मग थोडा वेळ डाव्या कुशीवर पडावे, एवढाच जुन्यांचा सांगावा. आपण शतपावली सोडली, डावी कूस सोडली आणि झोप तेवढी ठेवून घेतली. वास्तविक दिवसा झोपायला आयुर्वेदाचीही सरसकट परवानगी नाही. उन्हाळा, म्हातारपण, आजारपण असे मोजके अपवाद चरकाने सांगितले आहेत.

पण डावीच कूस का? त्यासाठी जठराची ठेवण पाहावी लागते. आपले जठर पोटाच्या वरच्या भागात, बरेचसे डावीकडे असते. एका बाजूला फुगलेल्या पखालीसारखा त्याचा आकार. अन्ननलिका त्याला वरून, पखालीच्या फुगीर भागाच्या उजव्या अंगाला येऊन मिळते. डाव्या कुशीवर निजले की फुगीर भाग खाली जातो, आतले अन्न आणि आम्ल त्यात साठून राहते आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर निजले की सगळे उलटे होते. तोंड खाली येते आणि तिथली झडप जरा सैल असली, तर आंबट पाणी घशाशी यायला वाट मोकळी होते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२२ साली याची मोजणीच प्रसिद्ध केली. ५७ जणांच्या अन्ननलिकेतले आम्ल आणि त्यांची झोपेतली कूस त्यांनी एकाच वेळी नोंदवली. आम्ल वर येण्याचे प्रसंग कोणत्याही कुशीवर फारसे कमीजास्त नव्हते. फरक होता तो आम्ल अन्ननलिकेतून निघून जायला लागणाऱ्या वेळात. डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंद, पाठीवर ७६ आणि उजव्या कुशीवर ९०. रात्रभरात असे प्रसंग अनेकदा येतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते.

इथवर जुने शहाणपण आणि नवी मोजणी हातात हात घालून चालतात. पुढे मात्र वाट फुटते.

बँकेतल्या नोकरीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांच्या रांगेतले बोलणे रोज कानांवर पडे. ठेवींच्या व्याजाचा विषय संपला की पोटाचा सुरू होई. ‘साफ होत नाही हो’ हे पालुपद ठरलेले. मग एक जण चूर्ण सांगे, दुसरा एरंडेल आणि तिसरा हमखास म्हणे, ‘डाव्या कुशीवर झोपा, सकाळी बघा कसं!’

हा तिसरा सल्ला तितकासा पक्का नाही. मोठे आतडे उजवीकडून वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. म्हणून डाव्या कुशीवर मळ आपोआप खाली घसरतो, असा तर्क लढवला जातो. पण आतडे म्हणजे पन्हळ नव्हे. ते स्नायूंच्या आकुंचनाने मळ पुढे ढकलते. रात्री ते बरेचसे स्वस्थ असते, पहाटे जाग आली की कामाला लागते आणि पोटात चहा-नाश्ता गेला की त्याला आणखी चालना मिळते. ही सकाळची वेळ घाईत दवडली, की शरीराने दिलेली हाक वाया जाते. त्यामुळे कोणत्या कुशीवर निजलो यापेक्षा सकाळी निवांत दहा मिनिटे दिली का, पुरेसे पाणी प्यालो का, ताटात भाजी-उसळ होती का, हेच अधिक महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट. निजण्यापेक्षा बसण्याचा संबंध इथे जवळचा आहे. उकिडवे बसले की गुदमार्गाचा बाक सरळ होतो. गुडघ्यांपायी कमोड घ्यावा लागलेल्यांनी पायांखाली बुटके स्टूल ठेवले, तर तो फायदा थोडाफार परत मिळतो.

ज्यांना रात्री जळजळते त्यांनी उशांचा ढीग रचू नये. त्याने पोट दुमडते आणि त्रास वाढतो. त्याऐवजी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे द्यावेत. हृदयविकाराच्या काही रुग्णांना डाव्या कुशीवर अस्वस्थ वाटते, त्यांनी हट्ट धरू नये. आणि छातीत दाटून आले, घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. शौचावाटे रक्त, घटणारे वजन, उतारवयात अचानक बदललेली सवय, या गोष्टी तर लाजेपायी घरात महिनोन्‌महिने झाकल्या जातात. त्या झाकू नयेत.

राहता राहिली वेळ. रात्रीचे जेवण आणि निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे मालिका संपल्यावर साडेनवाला पाने घेतली जातात. सगळ्यांचे झाल्यावर घरातली बाई जेवते, ओटा आवरते आणि अकराला अंथरुणाला पाठ टेकते. तिची जळजळ ती कोणाला सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. तिला डाव्या कुशीचा उपदेश करण्याआधी आठ वाजता सगळ्यांनी मिळून जेवायला बसावे आणि ओटाही सगळ्यांनी मिळून आवरावा. कूस पुढची गोष्ट.