करडा, मातकट आणि मळकट

करडा म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातला, किंचित तपकिरी झाक असलेला रंग. ‘राखी’ म्हटले की ती झाक जाते. ‘मातकट’ म्हटले की ती वाढते. ‘करडई’शी या शब्दाचे उच्चारसाम्य आहे, पण करडईचे फूल पिवळे-केशरी असते. केवळ नादावरून अर्थ लावू नये.

साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत हा दुष्काळी मुलूख. मेंढरांमागे जगणाऱ्या या मुलखाला करडा रंग परका नाही. काळी आणि पांढरी लोकर एकत्र कातली की न रंगवताही घोंगडे करडे होते. यात हीन काही नाही. उलट ‘करडी नजर’, ‘करडी शिस्त’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच शब्द कठोर अधिकाराचा होतो.

‘मळकट’चे तसे नाही. ते रंगाचे नाव नव्हे, तो माणसावर मारलेला शेरा आहे. ‘मळखाऊ’ हा गरिबाच्या हिशेबातला शब्द: एकच कपडा, धुणे क्वचित, तेव्हा मळ दिसणार नाही असा रंग घ्या! पण धुणे क्वचित का? ज्यांना पाणवठा बंद होता, त्यांनी कपडा कोठे धुवायचा? मनुस्मृतीने तर चांडाळांना प्रेताची वस्त्रेच नेमून दिली. आधी पाणी नाकारायचे, मग मळकट म्हणून हिणवायचे, ही येथील व्यवस्थेची रीत.

मग उजळ कपडे घातले की प्रश्न सुटतो काय? १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. अंगावर नवे सदरे, रेशीमकाठी धोतरे, डोक्यावर चकचकीत टोप्या. मसूर स्थानकावर पोशाख पाहून स्टेशनमास्तरांना ही ब्राह्मणांची मुले वाटली. ‘महार’ हा शब्द कानी पडताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानही मिळेना, अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतःच हाकायची, असे ठरले. कपडा तोच, रंग तोच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

तरीही डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि जातीची खूण सांगणारी लुगड्याची व दागिन्यांची जुनी पद्धत टाकण्याचा उपदेश केला. पोशाखाने जात जात नाही, हे मसूरला ज्यांनी भोगले तेच हे सांगत होते. कारण लादलेली खूण अंगावरून उतरवणे हीदेखील लढाईच आहे. पण त्याच महाडला पाण्याचा हक्कही मागितला गेला, हे विसरता कामा नये.

म्हणून शिक्षकांनी वर्गात रंगांची नावे शिकवताना एवढा भेद अवश्य सांगावा: करडा हा रंग आहे. मळकट हा निवाडा आहे, आणि निवाडा देणाऱ्याला पाण्याचा हिशेब विचारलाच पाहिजे.