बाळंतिणीचा रक्तदाब आणि नवऱ्याची जबाबदारी

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेली बाई घरी परतली, की सगळे बाळात रमतात. धोका मात्र टळलेला नसतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढू शकतो. झटक्यांची भीती सहा आठवडे राहते. बाळंतपण माहेरी असले, तर नवरा अनेकदा थेट बारशालाच उगवतो. त्याने रोज रक्तदाब विचारून वहीत लिहावा, गोळ्या चुकू देऊ नयेत. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, डोके ठणकले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. रात्री बाळाला त्याने घ्यावे. तिला झोप हवी. ती दोन आठवडे उदासच राहिली, तर ‘नाटकं करते’ म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे. पुढच्या मुलाचा विचार तिची तब्येत पाहूनच करावा.