क्लाउडमधील संगणक आणि माहितीचा प्रवाह

आपल्या बऱ्हाणपुरात इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळी, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर नगरात येत असे. अशा वाटेविषयी दोन प्रश्न संभवतात: एका क्षणात पाणी किती येते, आणि त्यास येण्यास वेळ किती लागतो? संगणकांच्या जाळ्यासही हेच प्रश्न लागू पडतात. पहिल्यास बँडविड्थ, तर दुसऱ्यास लेटन्सी म्हणतात.

क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. डेटा सेंटरमधील एकाच बलाढ्य यंत्रात, चाळीतील बिऱ्हाडांप्रमाणे, अनेक आभासी संगणक नांदतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दिवशी असा संगणक रखडला, तर गरीब विद्यार्थ्याची संधी हुकते. म्हणून त्याची गती वाढविण्याचे तीन उपाय आम्ही येथे सांगतो.

पहिला उपाय अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बऱ्हाणपूर ते मुंबई हा मार्ग सुमारे ५०० किलोमीटर धरला, तर जाऊन येण्यास ५ मिलिसेकंद लागतील. अमेरिकेतील व्हर्जिनिया सरळ रेषेतही सुमारे १३,००० किलोमीटर दूर. तेथे किमान १३० मिलिसेकंद हवेत. कितीही भारी यंत्र घेतले तरी हा विलंब टळत नाही. ॲमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबईत क्लाउड केंद्रे उघडली, त्यांचे महत्त्व यात आहे.

दुसरा उपाय वाटपाचा. बाहेरून आलेले माहितीचे प्रत्येक पाकीट हायपरव्हायजर नामक सॉफ्टवेअर योग्य बिऱ्हाडी पोचविते. त्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. एसआर-आयओव्ही पद्धतीत नेटवर्क कार्डच आपले भाग पाडून ते प्रत्येक आभासी संगणकास थेट देते. मधला हमाल गळतो व काम त्वरेने होते.

तिसरा उपाय पाकिटाच्या आकाराचा. सामान्य पाकीट १५०० बाइटांचे असते. ते ९००० बाइटांचे केल्यास पाकिटांची संख्या सहाव्या हिश्शावर येते. मात्र वाटेतील सर्व यंत्रांस हा आकार मान्य हवा. म्हणून तो डेटा सेंटरच्या आतच उपयोगी पडतो.

विद्यार्थिमित्रहो, कोणताही उपाय योजण्यापूर्वी व नंतर मोजमाप घ्यावे आणि एका वेळी एकच बदल करावा. अडथळा नेमका कोठे आहे हे जाणल्याविना केलेला खर्च व्यर्थ होय.