पाळी चुकण्याआधीची तयारी

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी दिसू लागते. सारण भरल्यावर करंजीची पारी दुमडून कडा जुळवाव्यात, तशा या पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि चिकटतात. अशी तयार होणारी मज्जानलिका पुढे वरच्या टोकाला मेंदू आणि खाली मज्जारज्जू बनते. विसाव्या-बाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटायला लागलेली ही नलिका अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण बंद होते. खालचा भाग उघडा राहिला तर बाळाला स्पायना बिफिडा होतो. पाय लुळे पडणे, लघवी-शौचावर ताबा नसणे हे त्याचे परिणाम. वरचा भाग उघडा राहिला तर मेंदू आणि कवटी नीट घडतच नाहीत आणि असे बाळ जगत नाही.

हे अठ्ठावीस दिवस कॅलेंडरवर मांडले की खरी अडचण कळते. पाळी नियमित असेल तर गर्भधारणा साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास होते. म्हणजे पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा असतो आणि त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत मज्जानलिकेचे काम संपलेले असते. चार-आठ दिवस वाट पाहणे, मग औषधाच्या दुकानातून किट आणणे, मग घरात सांगणे आणि सवडीने दवाखान्यात नाव नोंदवणे यात तेवढे दिवस सहज जातात. सरकारी यंत्रणेचा आग्रह पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी करण्याचा असतो, आणि तो योग्यच आहे. पण तोवर हृदय, हातपाय, डोळे यांचा आराखडा पक्का झालेला असतो. डॉक्टर गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी तयारीला लागायला सांगतात ते यासाठी.

या तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नेमकी गोष्ट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. तिच्या इतिहासाचे पहिले पान मुंबईत लिहिले गेले. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर गरोदर बायकांच्या एका विशिष्ट पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा आजार जीवघेणा ठरत होता. या रक्तक्षयात लाल पेशींची संख्या कमी होते, पण प्रत्येक पेशी फुगून मोठी झालेली असते. हाफकिन संस्थेत केलेल्या प्रयोगांतून विल्सबाईंना आढळले की यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माइट, दिला की या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत टनावारी पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडले. १९४५ मध्ये प्रयोगशाळेत त्याची निर्मिती झाली ती अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत, येल्लाप्रगडा सुब्बाराव या मूळ आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली.

मज्जानलिकेच्या व्यंगाशी फॉलिक अ‍ॅसिडचा संबंध आहे अशी शंका १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये व्यक्त झाली. निर्विवाद पुरावा यायला १९९१ साल उजाडले. आधीचे एक बाळ या व्यंगाचे असलेल्या १,८१७ स्त्रियांना सात देशांतल्या ३३ केंद्रांमध्ये चार गटांत विभागले गेले. ज्या गटांना फॉलिक अ‍ॅसिड मिळाले त्यांत ६ गर्भांना व्यंग आढळले, ज्यांना मिळाले नाही त्यांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. फरक इतका स्पष्ट होता की ठरल्या वेळेआधीच चाचणी थांबवण्यात आली. पुढच्याच वर्षी हंगेरीतील अभ्यासाने दाखवून दिले की पहिल्यांदाच आई होणाऱ्यांनाही हे संरक्षण मिळते.

कारण पेशींच्या विभाजनात आहे. नवी पेशी घडताना डीएनएची नवी प्रत लागते आणि तिचे सुटे भाग तयार करण्यासाठी फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचेच अन्नातले रूप, लागते. मज्जानलिका मिटतानाचा वेग इतका असतो की साठा अपुरा असला तर काम मध्येच अडते.

नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी गोळी मात्र ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारा पटींहून मोठी असते. आधीच्या बाळाला हे व्यंग असेल किंवा स्त्री फिट्सची काही औषधे घेत असेल, तर असा मोठा डोस डॉक्टर स्वतःहून देतात. इतरांना त्याची गरज नसते. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात वीस वर्षांवरील स्त्रियांना आठवड्याला एकदा मिळणारी लाल गोळी रक्तवाढीसाठी आहे. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असले तरी आठवड्यातून एकदाच घेतल्याने या कामाला ते पुरत नाही.

पालेभाज्यांतून फोलेट मिळते, पण ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. मेथी किंवा चवळीची जुडी आधी चिरून मग दोन-तीन पाण्यांतून काढली आणि कढईत झाकण न ठेवता रटरट शिजवली, तर त्यातले बरेच फोलेट मोरीत वाहून जाते किंवा उष्णतेने नासते. आधी धुऊन मग चिरणे आणि थोडक्यात वाफवणे हा साधा उपाय आहे. तरीही गोळीला तो पर्याय ठरत नाही.

महाराष्ट्रापुरता एक पेच याहून वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास चालवला. या स्त्रियांत फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. दोन तृतीयांश जणींमध्ये कमी होते ते बी-१२. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. पालेभाजीत ते नसते. चहापुरतेच दूध घेणारी शाकाहारी मुलगी त्यामुळे सहज तुटीत जाते. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२ च्या तुटीमुळे मज्जातंतूंना होणारी इजा आत चालूच राहते. लग्नानंतरच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ ही पाहावे, ते यासाठी.

हिमोग्लोबिनचा हिशेब तर उघडच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून अधिक होते. बाळासाठी लागणारे लोह गरोदरपणात अन्नातून भरून काढणे अवघड असते, त्यामुळे साठा आधीच हवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातील टॅनिन लोह अडवून ठेवते. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर ते चांगले शोषले जाते. गोळीमुळे शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अनेक जणी त्याच भीतीने गोळ्या कपाटात ठेवून देतात.

आहार आधीपासून सुधारला तर काय होते, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात तपासले गेले. एका गटातील स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ समोर बसवून दिला. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ होते. सर्वांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. शिवाय गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आले. एक निकाल अनपेक्षित होता: ज्या स्त्रिया मुळात फार कृश होत्या त्यांच्या बाळांचे वजन वाढले नाही. त्यांच्या शरीराची तूट एवढ्या खाऊने भरून निघण्याजोगी नसावी.

आधीचे आजार असतील तर ते गर्भधारणेपूर्वी आटोक्यात आणावे लागतात. मधुमेहात रक्तातील सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी साडेसहा टक्क्यांच्या खाली आणल्यावरच प्रयत्न करावा, कारण पहिल्या आठ आठवड्यांतील वाढलेली साखर हृदयाच्या आणि मज्जानलिकेच्या घडणीत बिघाड करते. थायरॉइडचेही तसेच. पहिले तीनेक महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते. पीसीओडीमुळे पाळी लांबत असेल आणि वजन जास्त असेल, तर पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर बीजनिर्मिती बरेचदा पूर्ववत होते. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरची काही औषधे गर्भाला घातक आहेत. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नसतात, डॉक्टरकडून बदलून घ्यायची असतात.

गोवराची धाकटी बहीण वाटणारा रुबेला हा आजार गर्भाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हृदयावर घाला घालतो. लहानपणी लस झाली नसेल तर ती आधी घ्यावी आणि मग महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

तंबाखूचा विषय निघाला की डोळ्यांसमोर सिगारेट येते. महाराष्ट्रातल्या बायकांचा तंबाखू बहुधा मशेरीच्या डबीत असतो. तव्यावर काळी भाजलेली मशेरी दात घासण्यासाठी म्हणून बोटाने हिरड्यांना लावली जाते आणि तिला कोणी व्यसन मानत नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी दोघांनीही करायची असते, शक्यतो लग्नाआधी. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, तर सिंधी आणि कच्छी समाजांत थॅलेसेमिया अधिक आढळतो. वाहक व्यक्तीला काहीच त्रास नसतो. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजारी बाळाची.

पुरुषाची तयारी सहसा विचारातच घेतली जात नाही. शुक्रपेशी घडायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पक्व होऊन बाहेर पडण्याच्या स्थितीत यायला आणखी काही दिवस. अंडकोश शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावा लागतो, म्हणून भट्टीसमोरचे काम, तापाचे दुखणे यांचा परिणाम शुक्रपेशींच्या संख्येवर दिसतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर मेंदूकडून येणारा संदेशच थांबवतात. स्नायू वाढतात आणि शुक्रपेशी बंद होतात. गुटखा, दारू किंवा ही इंजेक्शने आज सोडली तरी वीर्याच्या तपासणीत फरक दिसायला तीन महिने जावे लागतात. पहिला अहवाल खराब आला की डॉक्टर पुढची तपासणी साधारण तेवढ्याच अंतराने ठेवतात.